भगदाडाला चौकट

शिंपीण चिडली की रिकामी कात्री वाजवायची. रिकामी कात्री वाजवली की भांडण होतं, असं जुनी माणसं सांगतात. हिच्याकडे उलटं होतं. आधी भांडण व्हायचं, मग कात्री वाजायची. खच्‌ खच्‌ असा आवाज आला की गल्लीतला माणूस पायाखाली बघत पुढे सटकायचा. बाही आखूड झाली म्हणून तणतणत आलेलं गिऱ्हाईक तो आवाज ऐकून "काही नाही, सहज आलो होतो" म्हणत दारातूनच परत फिरायचं.

त्या सकाळी कात्री वाजायला लागली ती थांबेचना. समोरच्या घराचं कुलूप कुणीतरी तोडलं होतं.

समोरचं घर म्हणजे तिचं घर. कागदावर ते तिचं कधीच नव्हतं, पण जन्माची उमेद जिथे खर्ची पडली ते माणसाचं घर नाही तर काय? लग्न होऊन ती आली ती तिथल्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत. शेजारच्या खोलीत थोरला दीर आणि जाऊ. दोघे भाऊ मालधक्क्यावर हमाली करायचे. सकाळी बरोबर निघायचे, संध्याकाळी बरोबर यायचे, एकाच साबणाने अंग धुवायचे. जावांचं मात्र पहिल्याच वर्षी बिनसलं. थोरली म्हणायची बादलीवरून बिनसलं. धाकटी म्हणायची, बादली निमित्त, मूळ खोड तिच्या जिभेला. मध्ये चांगली जाड भिंत होती, म्हणून दोन्ही संसार झाले. शिंपिणीने खिडकीत शिलाईचं मशीन मांडलं आणि जावेकडे पाठ करून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले.

मग मालकाच्या मनात आलं की घर मोकळं करावं आणि चांगल्या किमतीला विकावं. भाडेकरू हलेनात. कायदा भाडेकरूंच्या बाजूने होता, पण त्या कायद्याला एक शेपूट होतं. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर भाडेकरूंनी निघायचं. मालक शहाणा माणूस. त्याने वकील केला नाही, मुकादम धाडला.

मुकादमाने आधी वरच्या मजल्याचं पाणी तोडलं. बायका खालून बादल्या वाहायला लागल्या. मग त्याने जिन्याचा कठडा उपटून नेला, "दुरुस्तीला." माणसं भिंतीला हात लावून चढायला लागली. कुणी निघेना म्हटल्यावर एके दिवशी तो घण खांद्यावर टाकून वर आला आणि दोन जावांच्या मधली भिंत फोडली. शिंपिणीचा नवरा तेव्हा छाती भरली म्हणून घरीच पडून होता. धूळ बसली तेव्हा अंथरुणावर पिठात घोळल्यासारखा माणूस होता आणि भिंतीत माणूस वाकून पलीकडे जाईल एवढं भगदाड होतं. त्यातून जाऊ इकडे बघत होती, हातात पळी घेऊन.

"आता राहा," मुकादम म्हणाला.

"राहते की," शिंपीण म्हणाली. "तू उभा राहा बघायला."

आणि राहिली. अख्खी थंडी राहिली. भगदाडाला लावायला तिने शिवणातून उरलेल्या चिंध्या जोडून पडदा शिवला. लालशेजारी निळी, रेघांशेजारी ठिपके, मध्ये नवऱ्याच्या जुन्या शर्टाची पाठ. खिळे ठोकून टांगला. दुसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला, "उलटी बाजू माझ्याकडे दिलीस ना? शिवणी सगळ्या माझ्या तोंडावर."

"मग काय दोन्हीकडून सुलटा शिवू?"

"शिंपीण तू आहेस. मी आपलं सांगितलं."

शिंपिणीने दिवसभर कात्री वाजवली. संध्याकाळी पडदा काढला, चिंध्यांचा दुसरा थर जोडून शिवणी आत घेतल्या आणि दोन्हीकडून सुलटा करून परत टांगला. सकाळी पडद्याखालून एक वाटी सरकली, गरम पेजेची, आजाऱ्यासाठी. एवढ्या वर्षांत दोघींमधला हा पहिला व्यवहार. भिंत होती तोवर जमलं नाही ते भगदाडाने जमवलं, असं पुढे जाऊ सांगायची आणि लगेच पुस्ती जोडायची, "म्हणून काय मुकादमाला हार घालायचा?"

शेवटी छपरावरचे पत्रे काढून नेले तेव्हा सगळे निघाले. थोरला दीर आणि जाऊ लेकाकडे दुसऱ्या गावी गेली. शिंपिणीने बरोबर समोरचा गाळा घेतला, खाली दुकान आणि वर माळ्यावर झोपणं. लोक म्हणाले, "डोळ्यासमोर कशाला तेच? दुसरीकडे जा." ती म्हणाली, "नजर ठेवायला." नवरा त्या माळ्यावरच गेला. डॉक्टर म्हणाला, तो तसाही जाणारच होता. "जाणारच होता," शिंपीण सांगायची, "म्हणून जिन्यावरून जाणाऱ्या माणसाला पाठीमागून ढकलायचं का?"

घर काही विकलं गेलं नाही. मालकाच्या भावांनी दावे लावले, दावे म्हातारे झाले, मालक वारला. मारून मुटकून रिकामं केलेलं घर वर्षानुवर्षं कुलपात कुजत पडलं. ना त्यांना, ना आम्हाला. शिंपिणीला सगळ्यात जास्त राग याचाच होता. खाल्लं असतं तरी म्हटलं असतं, भूक होती. यांनी नुसतं उष्टावून टाकलं.

तर त्या घराचं कुलूप तुटलेलं. दारात हातगाडी, तिच्यावर रंगाचे डबे. शिंपीण कात्री घेऊनच रस्ता ओलांडून गेली.

आत पाच-सहा तरुण पोरं-पोरी झाडलोट करत होती. पुढे एक मुलगी आली, वाऱ्याने उडेल अशी. शिंपिणीने तिथल्या तिथे तिचं नाव काडी ठेवलं. मागे एक मुलगा होता, चेहरा कमी आणि दाढी जास्त.

"कुणाला विचारून घुसलात?"

"मावशी, आम्ही चित्रकार आहोत," काडी म्हणाली. "इथे प्रदर्शन भरवणार आहोत. घर तर रिकामंच होतं."

"रिकामं होतं? रिकामं आपोआप होतं होय गं घर? पोट आहे का ते?"

दाढी हसला. त्याला वाटलं, गल्लीतली गमतीदार म्हातारी आहे.

"हसतोस काय दात काढून? आम्ही एक महिना मागितला तर दारात शिपाई उभे केले. तुम्ही कुलूप फोडलंत तर कुणी विचारत नाही. आयत्या बिळावर नागोबा!"

"मावशी, आम्हालाही राहायला जागा नाही," काडी म्हणाली. "हॉटेलात भांडी घासते मी. एका खोलीत सातजणी झोपतो. चित्र उघडायचं तर एकीने उठून उभं राहावं लागतं."

"मग उभ्याने झोपा," असं म्हणून शिंपीण परत आली. पण ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं. भांडी घासणाऱ्या पोरीवर तोंड टाकलं, याचा राग तिला मालकाच्या खात्यावरच मांडावासा वाटला.

पुढे पुढे काडी दुकानात यायला लागली. कापडाला कड घालून द्या, दोरीसाठी नेफा शिवून द्या. शिंपीण शिवायची आणि बोलायची. "हे चित्र आहे? मला वाटलं, ब्रश पुसलास." काडी चिडायची नाही. कप पुढे करायची. चहा व्हायचा. राग गेला नव्हता. त्याला बसायला स्टूल मिळालं होतं, एवढंच. पोरांनी छपरावर नवे पत्रे घातले, नळ जोडून घेतला, जिन्याला दोरखंडाचा कठडा केला आणि तिथेच राहायला लागली. शिंपीण दुकानातून सगळं बघायची, पण वर पाऊल ठेवायची नाही. काडीने कितीदा बोलावलं. ती म्हणायची, "गुडघे दुखतात." गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

घरमालकाकडून पोलीस येतील असं सगळे धरून चालले होते. आला तो धाकटा मालक, मेलेल्या मालकाचा मुलगा, इस्त्रीच्या कपड्यांत. घरभर फिरला, वाहवा केली आणि म्हणाला, "वर्षभर राहा. फक्त प्रदर्शन आमच्या नावाने भरवा. उद्घाटनाला मी येतो आणि चारचौघांत जाहीर करतो." पोरांनी उड्या मारल्या. त्याला तिथे पुढेमागे महागडं हॉटेल काढायचं होतं आणि घराला आयतं नाव मिळत होतं, हे पोरांना कळत नव्हतं असं नाही. पण डोक्यावर छप्पर मिळत असलं की माणूस वासे मोजत बसत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी काडीने शिंपिणीचा हातच धरला. "आता नाही आलात तर कधी? तुमच्या हाताच्या शिवणी आहेत वर."

शिंपीण गेली. दोरखंड धरून चढली. वरचा मजला पांढराशुभ्र. मागच्या खोलीत आली, खिडकीकडे बघितलं, मशीनची जागा बघितली आणि मग भिंतीकडे वळली.

भगदाड होतं तिथेच होतं. त्याच्याभोवती भलीमोठी सोनेरी चौकट बसवली होती, नक्षीदार, राजाराण्यांच्या तसबिरींना असते तशी. वरून दिव्याचा झोत. शेजारी पट्टी: काळाचा घाव.

"माझं काम आहे," दाढी मागून हौसेने म्हणाला. "आम्ही भगदाडाला हातसुद्धा लावला नाही. आमचा नियमच आहे, रंग दिला तरी भिंतींत जे जसं सापडलं ते तसंच ठेवायचं. ऊन, पाऊस, वर्षं. काळच मोठा शिल्पकार आहे, नाही का?"

शिंपिणीजवळ कात्री नव्हती. नुसती बोटं हलली.

"काळ?" ती म्हणाली. "काळ नव्हता रे तो. मुकादम होता. खाली पायरीवर बसून दात कोरायचा."

मग तिने सगळं सांगितलं. पाणी, कठडा, घण, अंथरुणावरचा पिठाळलेला नवरा, जावेची पळी. आवाज चढत गेला तशी बाकीची पोरं कामं टाकून दारात जमली. काडीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंपीण तिच्यावर खेकसली, "रडतेस काय? ती पट्टी काढ."

काडीने हात पुढे केला. दाढीने तो धरला.

"थांब. मावशी, ऐका. तुमचं सगळं खरं आहे. पण आज संध्याकाळी धाकटे मालक येणार आहेत. त्यांच्या बापाचं नाव इथे लावलं तर आम्ही रस्त्यावर. एक संध्याकाळ गप्प बसा. उद्या पट्टी बदलतो, आईशप्पथ."

"उद्या तो वर्षभराचा मालक होईल तुझा. उद्या म्हणशील, वर्ष सरू दे."

"मावशी, आम्ही जायचं कुठे?"

"हेच मी मुकादमाला विचारलं होतं," शिंपीण म्हणाली आणि जिना उतरली.

दुकानात येऊन तिने जावेला फोन लावला. जाऊ आता कानाने कमी झालेली, त्यामुळे सगळी हकीकत गल्लीनेही ऐकली.

"चौकट लावली? सोन्याची?" जाऊ ओरडली.

"सोनेरी."

"आणि माझी बाजू कुठली, आतली की बाहेरची?"

"मेले, त्याचं काय पडलंय तुला! बोलू की गप्प बसू, ते सांग. पोरांचं छप्पर जाईल."

"त्यांचं गेलं तर ते धट्टेकट्टे आहेत, दुसरं शोधतील," जाऊ म्हणाली. "आपलंच तोंड बंद ठेवून आपल्या घरात दुसऱ्या कुणी राहायचं, हे मला पटत नाही. आणि तुला कधी गप्प बसता आलंय? बादलीच्या वेळी बसलीस?"

शिंपिणीने फोन ठेवला. मशीनवरचं झाकण काढलं. ते झाकण म्हणजे तोच पडदा होता. इतकी वर्षं तेल आणि धूळ खाऊन लाल कुठलं, निळं कुठलं ते कळत नव्हतं, पण दोन्हीकडून सुलटा होता.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर माणूस मावेना. चांगल्या कपड्यांतली मंडळी, हातात सरबताचे पेले. धाकटा मालक चौकटीजवळ उभा राहून बोलत होता. "आमच्या वडिलांनी हे घर प्राणापलीकडे जपलं. काळापुढे कुणाचं चालतं? पण ही भिंत बघा, काळही किती सुंदर..."

शिंपीण गर्दीतून कोपराने वाट काढत पुढे आली. तोंडात खिळे, हातात हातोडी. कुणी अडवायच्या आत तिने पडदा चौकटीवर धरला आणि ठोकला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. सोनेरी नक्षीचा टवका उडाला. दाढीने डोळे मिटून घेतले.

"हा पडदा इथला," ती म्हणाली. "याच्या बापाने मुकादमाकडून ही भिंत फोडून घेतली. आम्ही आत असताना. माझा माणूस तिथे झोपला होता, जिथे त्या बाई उभ्या आहेत. त्याच्या नाकातोंडात ही भिंत गेली. काळाने काही केलेलं नाही. काळाला आमच्याशी काय वैर?"

कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता अख्खी खोली टाळ्या वाजवायला लागली. "किती अस्सल!" कुणी म्हणालं. "नटी वाटतच नाही," दुसरं म्हणालं. धाकट्या मालकाचा चेहरा घटकाभर पडला होता, तोही सावरला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पिटू लागला. "वा काकू! फारच जिवंत सादरीकरण."

"मी तुझी काकू नाही!" ती ओरडली. टाळ्या आणखी वाढल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या द्याव्यात तर त्यालाही टाळ्या पडतील. रडावं तर त्याहून जास्त. तोंड उघडलं की नाटक आणि मिटलं तर काळाचा घाव. आयुष्यात पहिल्यांदा तिला भांडायला जागा उरली नाही. ती गरागरा इकडेतिकडे बघायला लागली, आणि दारात तिला तो दिसला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, हातात धाकट्या मालकाचा कोट. मुकादम. आता गाडी चालवत होता.

ती त्याच्याकडे गेली. गर्दी कौतुकाने बाजूला झाली.

"काय रे, ओळखलंस?"

मुकादमाने मान फिरवली. "मी ड्रायव्हर आहे."

"आज आहेस. तेव्हा कोण होतास? बघ, तुझ्या हातचं काम. सोन्याच्या चौकटीत बसवलंय, दिवा लावलाय, टाळ्या पडतायत. आणि नाव कुणाचं? काळाचं! म्हणे भिंत आपोआप पडली. पावसाने भिजून. म्हणजे घण चालवायला तुझ्या मनगटात दमच नव्हता म्हण की."

"बाई, गप्प बसा."

"नाहीतरी तुझ्याने कुठे पडली होती? दोन माणसं लागली असतील मदतीला."

मुकादमाचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्याच्या कुठल्या कामाचं चारचौघांत कुणी नाव घेतलं नव्हतं, आणि घेतलं ते असं. "कोण दोन माणसं?" तो म्हणाला. "एकट्याने पाडली. एका दमात." तो कोट सांभाळत आत आला, पडदा वर केला आणि बोट ठेवलं. "ही कड बघा. पावसाने पडलेली भिंत अशी असते का? ती ढासळते, फुगते. ही बघा कशी सरळ निघाली आहे. याला हात लागतो. मोठे मालक स्वतः म्हणाले होते, शाबास, आता कसे राहतात बघू."

यावेळी कुणी टाळी वाजवली नाही. जिथे शिंपिणीचा नवरा झोपायचा तिथे उभी असलेली बाई हळूच दोन पावलं मागे सरकली.

"गाडी काढ," धाकटा मालक म्हणाला. वर्षाचं काही जाहीर न करताच तो उतरला. त्याच्यामागे चांगले कपडेही जिना उतरले. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धे प्यालेले पेले राहिले.

"गेलं घर," दाढी म्हणाला. "मावशी, तुमच्यामुळे गेलं."

"हो. माझ्यामुळे गेलं," शिंपीण म्हणाली. "शिव्या दे. पण हे लक्षात ठेव, तू मला शिव्या देऊ शकतोस, कारण घर कुणामुळे गेलं ते तुला माहीत आहे. काळाला शिव्या देऊन बघ."

काडीने पट्टी ओरबाडून काढली आणि कोळशाने थेट भिंतीवर लिहिलं: मालकाच्या हुकमाने, मुकादमाच्या घणाने. अक्षर वाकडं आलं. तिने ते तसंच ठेवलं.

पोलीस यायला थोडे दिवस लागले. तेवढ्या दिवसांत गल्लीबोळांतून जुने भाडेकरू आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जावेच्या बहिऱ्या कानाने बोभाटा केला होता. एकाने दाखवलं, इथे आमचा नळ होता. एकीने दाखवलं, इथे मी पडले, कठडा नव्हता म्हणून. पोरांनी कोळशाने जागच्या जागी लिहून घेतलं. दाढीने स्वतःची चित्रं उतरवून भिंती मोकळ्या केल्या. तोंडाने तो अजून शिंपिणीशी बोलत नव्हता, तरी.

मग शिपाई आले, डबे आणि गाद्या रस्त्यावर आल्या. पोरं पांगली. काडी परत सातजणींच्या खोलीत गेली. धाकट्या मालकाने सगळ्यात आधी ते भगदाड बुजवून घेतलं, बापाने फोडलेलं लेकाने भरलं, आणि दारं-खिडक्या विटांनी चिणल्या. मुकादमाची नोकरी गेली. काम चालू असताना तो शिंपिणीच्या दुकानाबाहेर उभा राहून बघत होता.

"कच्चा माल वापरतायत," तो म्हणाला.

"पुढे हो," शिंपीण म्हणाली. "तुझ्या सावलीने माझी सुई दिसत नाही."

जाताना दाढीने ती सोनेरी चौकट तिच्या दुकानात आणून टेकवली आणि गेला. शिंपिणीने ती दुकानासमोर छपराच्या वाशाला दोन साखळ्यांनी टांगली, मध्ये मोकळी. आता कपडे टाकायला येणाऱ्या माणसाला चौकटीतून समोरचं चिणलेलं घर दिसतं. खाली काडीने लिहून दिलेली पट्टी आहे, तेच शब्द, तेच वाकडं अक्षर. प्रत्येक जण विचारतो, हे काय? ती प्रत्येकाला सांगते. कपडे उशिरा मिळतात, गोष्ट लगेच मिळते.

एक दिवस धाकट्या मालकाचा कारकून आला. "बाई, हे काढा. घर बघायला माणसं येतात, त्यांना खराब दिसतं."

"काय काढू? रिकामी चौकट आहे."

"तिच्यातून घर दिसतं ना."

"मग घर काढा," शिंपीण म्हणाली आणि कात्री उचलली.